डीएसएलची लाईन: वेग किती मागावा आणि कुठं थांबावं

ज्यांच्या दारात फायबर आलंय त्यांनी बिनदिक्कत फायबर घ्यावं. उमेदीची सगळी वर्षं मी तांब्याच्या तारा जोडण्यात घालवली, तरी माझं सांगणं हेच आहे. पण सांगलीत गावभागात असे जुने वाडे आहेत की घरमालक आणि भाडेकरूंच्या वादात नवी केबल आत येऊच शकत नाही. माधवनगरच्या पुढं मळ्यातल्या वस्त्या आहेत, तिथं खांबावरून टेलिफोनच्या दोन तारांची एक जोडी तेवढी पोचलीय. त्या घरांतली पोरं त्याच जोडीवर शिकतात आणि मोठी माणसं त्याच जोडीवर कामं करतात. हे लिहितोय ते त्यांच्यासाठी.

मी टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होतो. निवृत्त झालो तरी ओळखीचे लोक लाईन बघायला बोलावतात आणि मी आनंदानं जातो. जोडी चांगली असेल तर तिच्यावर डीएसएल, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून येणारं इंटरनेट, आजही नीट चालतं, आणि जिथं चालत नाही तिथला दोष बहुतेक वेळा पाचपन्नास रुपयांत निघतो. तो न काढता लोक मोडेम बदलतात, प्लॅन वाढवतात, शेवटी वैतागून लाईनच सोडून देतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बोलावणारा प्रत्येक जण म्हणतो, "काका, स्पीड मिळत नाही." पंधरा मिनिटं बसून बघितलं की कळतं, स्पीड आहे, लाईन टिकत नाही. खणभागात एक करसल्लागार ताई आहेत. वीस तारखेला जीएसटीचं ३बी भरायची मुदत असते आणि आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडं गर्दी. त्यांची लाईन सात मेगाबिटला जुळायची आणि दिवेलागणीनंतर सारखी तुटायची. रिटर्नची फाईल ती केवढी, तिला सात मेगाबिट काय करायचेत? पण ओटीपी टाकून आत जावं आणि लाईन तुटावी, की पुन्हा सगळं पहिल्यापासून. त्यांची लाईन पाचवर आणून बसवली. आता त्या स्पीडचं नावही काढत नाहीत.

आधी मोडेमचं ऐका

मोडेमचं पान उघडा. बहुतेक घरांत ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की ते येतं. पासवर्ड मोडेमच्या पोटाखाली चिकटवलेला असतो. आत ‘स्टेटस’ किंवा ‘डीएसएल’ असं काहीतरी असेल. तिथले चार आकडे वहीत लिहून घ्या: सिंक रेट (मोडेम एक्स्चेंजशी ज्या वेगाला जुळला तो), नॉइज मार्जिन, अ‍ॅटेन्युएशन आणि सीआरसी एरर. यातले पहिले तीन येण्याचे वेगळे आणि जाण्याचे वेगळे असे जोडीनं असतात. आपल्याला मुख्यतः डाउनस्ट्रीमचे, म्हणजे येण्याचे, बघायचेत.

अ‍ॅटेन्युएशन म्हणजे एक्स्चेंजपासून तुमच्या घरापर्यंत येताना सिग्नल किती क्षीण झाला ते. हा आकडा तारेच्या लांबीवर आणि जाडीवर ठरतो. तीस डेसिबलच्या आत असेल तर लाईन उत्तम, पंचेचाळीसच्या आसपास असेल तर बरी, साठच्या वर गेला तर मोठ्या वेगाची आशा धरू नये. तो रोज साधारण तेवढाच असायला हवा. एके दिवशी अचानक आठ-दहा डेसिबलनं वाढला तर एक्स्चेंज काही लांब सरकलेलं नाही, वाटेत कुठंतरी जॉइंट सुटलाय. जोडीतली एक तार पूर्ण तुटली तरी कधी कधी डीएसएल रडतखडत चालू राहतं आणि फोन मात्र मुका होतो. त्यामुळं "नेट आहे म्हणजे लाईन ठीक आहे" असं समजू नका.

नॉइज मार्जिन हा सगळ्यांत कामाचा आकडा. आपल्याला २००५ चा आणि २०१९ चा पूर माहीत आहे. घराचा चौथरा पूररेषेच्या जितका वर, तेवढी घराला सवड. मार्जिन ही तशीच सवड आहे: तारेत बाहेरून शिरणाऱ्या विजेच्या आवाजाची पातळी चढली तरी आपली लाईन किती डेसिबलपर्यंत तग धरेल ती. लाईन जुळवताना साधारणपणे सहा डेसिबल सवड ठेवली जाते. जुळल्यानंतर ती तीनच्या खाली उतरू लागली की लाईन कधीही पडेल. नऊ-दहा असेल तर निवांत झोपा.

सीआरसी म्हणजे दुरुस्त न झालेल्या चुका. त्याच्याजवळ एफईसी नावाचा आकडा असतो आणि तो लाखांत गेलेला बघून लोक घाबरतात. तो दुरुस्त झालेल्या चुकांचा असतो, त्याचं काही वाटून घेऊ नका. सीआरसी मात्र तासाभरानं पुन्हा बघा. दहा-वीसनं वाढला तर ठीक. हजारांनी वाढत असेल तर पानं उघडताना अडकणार, व्हिडिओ कॉलवर समोरच्याचं तोंड हलणार आणि आवाज येणार नाही.

हे आकडे दोनदा घ्या, एकदा दुपारी आणि एकदा रात्री नऊनंतर. रात्री मार्जिन दोन-तीन डेसिबलनं उतरलेलं दिसेल आणि त्याला कारण आहे. दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातला एक थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लांबलांबची रेडिओ केंद्रं ऐकू येऊ लागतात. ती जशी ट्रान्झिस्टरला ऐकू येतात, तशीच खांबावरच्या उघड्या तारेलाही.

सांगलीकरांनी इथं एक गोष्ट मुद्दाम समजून घ्यावी. आपली आकाशवाणी मध्यम लहरीवर १२५१ किलोहर्ट्झवर. एडीएसएल २ प्लस हा डीएसएलचा प्रकार आपलं काम साधारण २२०० किलोहर्ट्झपर्यंत करतं आणि तो सगळा पट्टा ४.३१२५ किलोहर्ट्झच्या बारीक बारीक टोनमध्ये, म्हणजे अरुंद कप्प्यांमध्ये, वाटलेला असतो. १२५१ ला भागून बघा: बरोबर २९० वा टोन. ज्या मोडेममध्ये प्रत्येक टोनवर किती बिट बसलेत त्याचा आलेख दिसतो, तिथं २९० च्या आसपास खाच दिसली तर नवल नाही. दोन-तीन टोन गेल्यानं काही बिघडत नाही, मोडेम ते सोडून देतो. पण खाच रुंद असेल तर समजा की तुमची जोडी समतोल राहिलेली नाही. जोडीतल्या दोन्ही तारा सारख्या असतील आणि त्यांना पीळ नीट असेल तर बाहेरचा रेडिओ दोन्हींत सारखाच शिरतो आणि मोडेमपाशी एकमेकाला कापून टाकतो. एका तारेचा जॉइंट गंजला की हा समतोल मोडतो आणि तार अँटेना होऊन बसते. रेडिओ दोषी नसतो, जॉइंट असतो.

तारेपासून सुरुवात

सेटिंगला हात लावण्याआधी घरातली तार बघा. माझा अनुभव असा की निम्मं काम इथंच होतं.

फोन उचला, कुठलाही एक आकडा दाबा म्हणजे डायल टोन थांबेल, आणि कान देऊन ऐका. शांतता हवी. खरखर, फुसफुस किंवा तळल्यासारखा आवाज येत असेल तर पुढचं काहीही करू नका, आधी तो आवाज घालवा. वळवाचा एखादा पाऊस पडून गेल्यावर ही परीक्षा हमखास घ्या. पाणी गेलेला जॉइंट कोरड्या दिवसांत सज्जनासारखा वागतो.

मग तार जिथून घरात शिरते तिथपासून मोडेमपर्यंत बोट ठेवून चला. बाहेरून येणारी ड्रॉप वायर भिंतीवरच्या रोझेट नावाच्या छोट्या डबीत येते. त्याचं झाकण उघडा. आत मुंग्यांचं घर, पालीची अंडी, नाहीतर स्क्रूभोवती हिरवट गंज दिसेल. तारेचं टोक इंचभर कापून नवं सोला, तांबं लखलखीत दिसलं पाहिजे, आणि स्क्रू घट्ट आवळा. वाटेत कुठं दोन तारा हातानं पिळून वर काळी टेप गुंडाळली असेल तर ती टेप म्हणजे शत्रू. ती उन्हानं सुटते, आत ओल धरते, आणि त्या पिळात गंजाचा पातळ थर बसतो. बोलण्याचा आवाज त्यातून जातो म्हणून वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही, पण डीएसएल त्यानं घायाळ होतं. तिथं जेली भरलेला छोटा यूवाय कनेक्टर लावावा. दोन्ही तारा न सोलता आत सरकवायच्या आणि पक्कडनं दाबायच्या. पत्त्यातल्या चौकटीपेक्षाही लहान वस्तू आहे, पण तिनं जेवढ्या लाईनी वाचवलेल्या मी पाहिल्यात तेवढ्या कुठल्या महागड्या मोडेमनं वाचवलेल्या नाहीत. लाईनमनकडं मागा, तो देतो.

पुढची गोष्ट पॅरलल तारा. जुन्या घरांत एकेकाळी माजघरात, वरच्या खोलीत, दुकानात असे फोन असायचे. फोन गेले, तारा भिंतीत राहिल्या. टोकाला काही नसलेली अशी तार निरुपद्रवी नसते. सिग्नल तिच्यात शिरतो, टोकाला आपटून परत येतो आणि ठरावीक जागी मूळ सिग्नललाच खातो. तीसेक मीटरची मेलेली तार साधारण १६०० किलोहर्ट्झच्या आसपास खड्डा पाडते, म्हणजे एडीएसएल २ प्लसच्या ऐन वरच्या पट्ट्यात. रोझेटपाशीच त्या सोडवून टाका. गावभागातल्या एका वाड्यात फक्त एवढं केलं आणि मार्जिन चार डेसिबलनं वर गेलं.

स्प्लिटर, म्हणजे फोन आणि नेट वेगळं करणारी डबी, रोझेटला लागून, सगळ्यांच्या आधी. त्याच्या ‘फोन’ भोकातून घरातले सगळे फोन, फॅक्स, कॉलर आयडीचा डबा. ‘मोडेम’ भोकातून फक्त मोडेम. एखादा फोन स्प्लिटरच्या अलीकडं राहिला असेल तर रिंग वाजताक्षणी नेट जाईल. "फोन आला की नेट जातं" या तक्रारीचं कारण जवळजवळ नेहमी हेच निघतं. स्प्लिटर पावसाळ्यानंतर खराब होतात. संशय आला तर स्प्लिटर आणि फोन काढून मोडेम थेट रोझेटला लावा आणि एक रात्र बघा.

रोझेटपासून मोडेमपर्यंतची चपटी करडी वायर जेवढी आखूड तेवढी चांगली, कारण तिच्यात पीळ नसतो. मोडेम दुसऱ्या खोलीतच हवा असेल तर कॅट ५ केबलमधली एक जोडी वापरा. ती पिळाची असते आणि कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते.

आता घरातला आवाज. बॅटरीवर चालणारा ट्रान्झिस्टर घ्या, मध्यम लहरीवर साडेपाचशे ते साडेसहाशेच्या मधे जिथं कुठलंच केंद्र लागत नाही तिथं काटा ठेवा आणि मोडेमच्या आसपास फिरवा. जिथं भुणभुण वाढेल तिथं चोर आहे. स्वस्तातल्या एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, इन्व्हर्टर, सेट टॉप बॉक्सचा अ‍ॅडॉप्टर हे नेहमीचे संशयित. विश्रामबागेत एका घरी रोज संध्याकाळी सातला लाईन पडायची, आणि देव्हाऱ्यातली दिव्यांची माळ लागायची तीही सातलाच. माळ बदलली, प्रश्न मिटला. मोडेमचा स्वतःचा अ‍ॅडॉप्टरही तपासा. जुना झाला की तो पुरेसा करंट देत नाही आणि मोडेम लाईनचा दोष असल्यासारखा वागतो.

तीन डेसिबलची किंमत

तार स्वच्छ झाली, तरीही रात्री लाईन पडते, तर मग वेग थोडा सोडावा लागतो. किती, याचा हिशोब सरळ आहे. प्रत्येक टोनवर एक बिट कमी बसवला की साधारण तीन डेसिबल मार्जिन वाढतं. एडीएसएल सेकंदाला चार हजार वेळा बिट पाठवतं. तुमच्या लाईनवर दोनशे टोन काम करत असतील तर एक बिट कमी म्हणजे २०० गुणिले ४०००, आठ लाख बिट. म्हणजे पाऊण मेगाबिटहून थोडं जास्त. सात मेगाबिटवाल्यानं सव्वासहावर समाधान मानलं की सहाच्या जागी नऊ डेसिबल हाती येतात. माझ्या मते यापेक्षा चांगला सौदा डीएसएलमध्ये नाही, तो डोळे झाकून करावा. नऊवरून बारावर जाण्यासाठी पुन्हा तेवढीच किंमत मोजावी लागते आणि ती क्वचितच मोजण्यालायक असते. खणभागातल्या ताईंचं एक्स्चेंजपासूनचं अंतर जास्त, वरून संध्याकाळचं काम महत्त्वाचं, म्हणून त्यांच्याकडं मोजली.

हे प्रत्यक्ष कसं करायचं? सगळ्यांत सोपा उपाय फुकट आहे. मोडेम दिवसा नव्हे, रात्री दहाच्या सुमारास बंद करून चालू करा. त्या वेळी आवाज सर्वांत जास्त असतो. मोडेम त्या आवाजात सहा डेसिबल सवड ठेवून जुळतो आणि मग चोवीस तास तग धरतो. सकाळी जुळलेली लाईन जास्त वेग दाखवते आणि रात्री पडते. मात्र एकदा जुळल्यावर दर तासाला मोडेम बंद-चालू करत बसू नका.

दुसरा उपाय मॉड्युलेशनचा, म्हणजे तारेवर बिट चढवायच्या पद्धतीचा. मोडेमच्या डीएसएल सेटिंगमध्ये ‘ऑटो’ऐवजी ‘जी.डीएमटी’ निवडता येतं. ती जुनी पद्धत. ११०४ किलोहर्ट्झवरच थांबते आणि जास्तीत जास्त आठ मेगाबिट देते. ज्यांचं अ‍ॅटेन्युएशन पन्नासच्या पुढं आहे त्यांच्या तारेवर वरच्या पट्ट्यात तसंही काही पोचत नाही, त्यामुळं त्यांचं नुकसान जवळजवळ शून्य. शिवाय १२५१ चा प्रश्नच मिटतो. मळ्यातल्या वस्त्यांवर मी आधी हेच करून बघतो. एक्स्चेंजच्या जवळ राहणाऱ्यांनी मात्र ऑटोच ठेवावं.

तिसरा उपाय एक्स्चेंजच्या हातात. पोर्टचं प्रोफाइल, म्हणजे तुमच्या लाईनला ठरवून दिलेला वेग, तिथून एक पायरी खाली आणता येतं, टार्गेट मार्जिन (जुळताना ठेवायची सवड) सहाचं नऊ करता येतं, आणि इंटरलीव्हिंग चालू-बंद करता येतं. इंटरलीव्हिंगमध्ये तुमचा डेटा विस्कटून वेगवेगळ्या क्षणांत पाठवतात. मधेच आवाजाचा एखादा कडाका आला तर चूक एका जागी न साठता विखुरते आणि दुरुस्त होते. त्यासाठी वीसेक मिलिसेकंद उशीर सोसावा लागतो. गेम खेळणारी पोरं ते बंद करा म्हणतात. अभ्यासाचा क्लास, कॉल आणि ऑफिसचं काम असणाऱ्या घरात ते चालूच असावं. सीआरसी वाढता आणि मार्जिन ठीक, असं चित्र असेल तर इंटरलीव्हिंगच उपयोगाला येतं.

काही ब्रॉडकॉम चिपच्या मोडेममध्ये टार्गेट मार्जिन घरातूनही बदलता येतं, पण मोडेम पुन्हा सुरू झाला की ते पुसलं जातं. सवय असेल त्यांनीच त्या वाटेला जावं.

स्पीड टेस्ट सिंक रेटपेक्षा कमी दाखवणार हे धरून चाला. एडीएसएलवर डेटा ५३ बाइटच्या तुकड्यांत जातो आणि त्यातले ५ बाइट पत्त्यात खर्च होतात. बाकीचे थर धरून सिंकच्या ८५ टक्क्यांच्या आसपास हाती येतं. ४०९६ किलोबिट सिंकवर साडेतीन मेगाबिटच्या आत-बाहेर आलं तर लाईन पूर्ण देतेय. आणि टेस्ट घेताना लॅपटॉप वायरनं मोडेमला जोडा. वाड्याच्या दोन फुटी भिंतीपलीकडून वायफायवर घेतलेला आकडा वायफायचा असतो.

वरची वाट मोकळी ठेवा

लाईन उत्तम असूनही कॉल अडखळतो, त्याचं सर्रास कारण अपलोड. डीएसएलवर वर जायची वाट अरुंद, अर्ध्या ते एक मेगाबिटची. घरातल्या एका मोबाइलनं लग्नाचे फोटो बॅकअपला चढवायला घेतले की ती वाट तुंबते, आणि खाली येणाऱ्या डेटाच्या पोचपावत्यासुद्धा त्याच वाटेनं जात असल्यानं डाउनलोडही रांगतं. बॅकअप रात्री चार्जिंगला असताना होईल असं ठेवा. मोडेममध्ये क्यूओएस किंवा बँडविड्थ कंट्रोल असेल तर अपलोडला सिंकच्या ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांची मर्यादा घाला. थोडा वेग स्वतःहून सोडला की रांग मोडेममध्ये साठत नाही. ऑनलाईन क्लासवाल्या घरात हा फरक त्याच दिवशी कळतो.

लाईनमनला काय सांगायचं

घरातलं सगळं करून झाल्यावर दोष बाहेर उरला तर तक्रार नोंदवा, पण "नेट स्लो" असं लिहू नका. आवाज येत असेल तर "फोनवर खरखर" अशी लिहा, ती डीपीपासून (तुमच्या घराची तार जिथं जोडलेली असते त्या डब्यापासून) पिलरपर्यंत (रस्त्याकडेच्या केबलच्या कपाटापर्यंत) तपासली जाते. वहीतले आकडे द्या: अ‍ॅटेन्युएशन पूर्वी किती होतं आणि आता किती, मार्जिन दुपारी आणि रात्री किती, सीआरसी तासाला किती. एवढं हातात मिळालं तर लाईनमन खांबावर चढण्याआधीच अंदाज बांधतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि नदीकाठच्या भागातले पिलर पाण्याखाली होते. तिथल्या जुन्या केबलमध्ये आजही काही जोड्या ओल धरून असतात. अशा वेळी जॉइंट दुरुस्त करत बसण्यापेक्षा "पिलरमधे दुसरी मोकळी जोडी द्या" असं मागा. जोडी बदलणं थोड्या वेळाचं काम आहे आणि अनेकदा तोच कायमचा इलाज ठरतो. नवी जोडी दिल्यावर लाईनमन जायच्या आधी मोडेमचं पान उघडून अ‍ॅटेन्युएशन आणि मार्जिन त्याच्यासमोर बघा, आणि वहीत तारखेसह लिहा.

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर आभाळ भरून आलं की मोडेमचा विजेचा प्लग तर काढाच, टेलिफोनची पिनही काढा. वीज तारेवरूनच येते आणि आधी मोडेमचं लाईन पोर्ट जाळते. पोर्ट अर्धवट जळलं तर मोडेम चालू दिसतो, लाईन जुळते, पण मार्जिन कायमचं उतरतं. एखाद्या वळवानंतर आकडे बिघडले आणि तार निर्दोष असेल, तर शेजाऱ्याचा मोडेम आणून तासभर लावून बघा. त्याच्यावर आकडे सुधारले तरच नवा मोडेम विकत घ्या.